बारीक विणीचं जाळं

“मग समुद्रातले ते जीव खाल्ले कुणी?” बाईंनी विचारलं.

“तुमच्या विळीवर आहेत त्यांनी,” मुकुल म्हणाला.

बाईंनी विळीवरच्या तारली माशाकडे पाहिलं. टोपलीत आणखी वीसेक तारल्या होत्या, सकाळीच किनाऱ्यावर उतरलेल्या. पडवीच्या पायरीवर मांजर बसलं होतं आणि या शास्त्रीय चर्चेत सर्वांत मनापासून लक्ष त्याचंच होतं.

“यांनी?” बाई म्हणाल्या. “सगळे?”

“सगळे. फस्त.”

“हं…” बाईंनी तारलीचं डोकं उडवलं.

बाई म्हणजे डॉक्टर यमुना खोबरेकर. आयुष्याची चाळीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून समुद्राचे थेंब तपासण्यात घालवली. पाणी नेईल तिकडे वाहत जाणारे जे बारीक जीव असतात, ज्यांना पुस्तकात प्लवक म्हणतात, ते त्यांचे सगेसोयरे. त्यातले काही वनस्पती, काही प्राणी. लहान मासे त्यांच्यावर जगतात, मोठे मासे लहानांवर, आणि बाईंच्या गाबीत घराण्याच्या कितीतरी पिढ्या त्या माशांवर जगल्या. निवृत्त झाल्यावर बाई वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, एका लहान खाडीच्या तोंडाशी असलेल्या माहेरच्या घरी येऊन राहिल्या. शहरात मन रमत नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत. इथे ताजे मासे मिळतात, एवढंच म्हणाल्या.

मुकुल नाईकवाडे हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. लातूरकडचा. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि त्याला वाटलं, हा आपली वाटच पाहत होता. हुशार होता, यात वादच नाही. अडचण एवढीच, की हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी कोचीला मोठी परिषद होती. देशातले सगळे जाणते समोर बसणार आणि मुकुल तीन वर्षांचं काम त्यांच्यापुढे मांडणार. प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही तेच, आणि प्रबंध दिवाळीआधी द्यायचा होता. सगळं जय्यत तयार होतं. फक्त बाईंनी एकदा “छान” म्हणावं, एवढ्यासाठी तो वाट वाकडी करून आला होता. ते तो कबूल करणार नव्हता, पण खरं ते तेच होतं.

“पुन्हा सांग,” बाई म्हणाल्या. “सावकाश.”

मुकुलने तक्ता त्यांच्यासमोर धरला, कारण बाईंचे हात माशांनी बरबटलेले होते.

“तीन वर्षं, बाई. महिन्यातून एकदा. जागा तीच, होडी तीच, वेग तोच, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. पावसाचे तीन महिने सोडले तर एकदाही खाडा नाही. उन्हाळ्यात बघा, प्राणी प्लवक मध्यम. डिसेंबरात बरे. आणि ऑक्टोबरात… तळाला. तिन्ही वर्षं. एका बादलीभर पाण्यात जेमतेम तीन जीव.”

“आणि मासे?”

“तीच तर गंमत आहे! मासे ऑक्टोबरातच सर्वांत जास्त. म्हणजे मासे येतात, प्लवकांवर तुटून पडतात आणि समुद्र धुऊन ठेवतात. मी त्याला ‘भरल्या हंगामातला उपवास’ म्हटलंय.”

नाव सुरेख होतं. बाईंनाही ते आवडलेलं दिसलं, कारण त्या गालात हसल्या.

“ऑक्टोबरात पाणी कसं असतं रे?”

हा प्रश्न म्हणजे मुकुलला आयतं मैदान मिळालं. तो ताठ बसला.

“आपल्याकडचा समुद्र थरांचा असतो, बाई. वर ऊन लागून तापलेलं हलकं पाणी, खाली गार जड पाणी. वरच्या थरात उजेड भरपूर, पण खत नाही. खालच्या थरात खत आहे, पण उजेड नाही. दोन्ही एकमेकांत सहसा मिसळत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात पाणी निळंशार दिसतं. तेव्हा जाती पुष्कळ, पण प्रत्येकीची डोकी थोडी. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला ओढतात, आणि खालचं गार पाणी वर येतं. खत उजेडात आलं की आठवड्याभरात पाणी हिरवं होतं. डायटम या बारीक वनस्पतींच्या साखळ्याच साखळ्या. मग जाती कमी, पण डोकी… डोकी अमाप. त्यांच्यामागून त्यांना खाणारे कोपेपॉड. पाऊस संपला तरी हे महिना-दोन महिने चालतं.”

“उत्तम,” बाई म्हणाल्या. “अगदी मी शिकवलं होतं तसंच.”

मुकुलला जरा टोचलं.

“म्हणजे ताट वाढलेलं आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “जेवणारे कोपेपॉड यायला हवेत. आणि तुझ्या बाटलीत कुणीच नाही.”

“मासे, बाई. सांगितलं ना.”

बाईंनी एक तारली पोटाशी चिरली आणि आतला भाग अंगठ्याने बाहेर काढला. हिरवट, दाट, टच्च भरलेला. दुसरी चिरली. तीही तशीच. तिसरी.

“बघा!” मुकुल जवळजवळ ओरडलाच. “पुरावा तुमच्या हातात आहे.”

“किती वाजता पकडल्या असतील या?”

“पहाटे.”

“आणि काल काय खाल्लं असेल त्यांनी?”

“हेच.”

“परवा?”

“हेच.”

“आणि समुद्र कधीपासून धुऊन ठेवलाय म्हणालास?”

मुकुलने उत्तरासाठी तोंड उघडलं. उत्तर होतंही त्याच्याकडे, मासे फिरत असतात, एक जागा संपली की दुसरीकडे जातात, वगैरे. पण त्याने तोंड मिटलं. उत्तर चांगलं होतं, फक्त ते त्याला या क्षणी सुचलेलं होतं, आणि बाईंना ते लगेच कळलं असतं.

बाईंनी हात धुतले. माशांवर मीठ-हळद चोळून ताट झाकलं, वर दगड ठेवला. मांजर उठून गेलं.

“जाळं आणलंयस?”

“गाडीत आहे.”

“घे. भरती लागलीय.” त्यांनी स्वयंपाकघरातून एक स्टीलचा पेला उचलला आणि पदर खोचला.

खाडीचं तोंड घरापासून चार पावलांवर. ऑक्टोबरातली सकाळ होती, ऊन चढायला लागलेलं पण अजून सोसवणारं. समुद्राचं पाणी खाडीत शिरत होतं. बाई गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय दहा-पंधरा वर्षांनी कमी दिसायला लागलं. मुकुलने पँट दुमडली, बूट एका खडकावर नीट जोडीने ठेवले आणि मागोमाग गेला.

बाईंनी पेला बुडवला, भरला आणि त्याच्या हातात दिला.

“मोज.”

“बाई… पेल्याने समुद्र मोजायचा?”

“मोज तर खरा.”

मुकुलने पेला उन्हात तिरका धरला. पाण्याला हिरवट झाक होती. त्यात खसखशीएवढे ठिपके होते, आणि ते ठिपके टुणकन उडत होते. कोपेपॉड. ते कसे झटका देऊन पोहतात हे त्याने हजारदा पाहिलं होतं. एक, दोन, पाच…

“नऊ,” तो म्हणाला.

“पेल्यात?”

“पेल्यात.”

“आणि बादलीत?”

त्याच्या तक्त्यात बादलीला तीन होते. त्याने पेल्यातलं पाणी पुन्हा एकदा पाहिलं, जणू त्यातले पाचसहा जण आपणहून निघून जातील.

“थवा असेल,” तो म्हणाला. “प्लवक सारखे पसरलेले नसतात, बाई, हे तर तुम्हीच…”

“मीच शिकवलं,” बाई म्हणाल्या. “आणखी भर.”

त्याने चार पावलं उजवीकडे जाऊन भरला. अकरा. डावीकडे जाऊन भरला. आठ. पाण्यात आणखी पुढे जाऊन भरला. पँट भिजली. अकरा. मग तो परत आला आणि पेला बाईंच्या हातात ठेवला. गुरुवार अवघ्या तीन दिवसांवर होता.

“जाळं दाखव,” बाई म्हणाल्या.

हे ऐकून त्याला थोडा धीर आला, कारण जाळ्याचा त्याला भारी अभिमान होता. लांब शंकूसारखं पांढरंशुभ्र जाळं, रुंद तोंडाला स्टीलचं कडं आणि शेपटाला बाटली. संस्थेत सगळे जाडसर विणीची जाळी वापरायचे. मुकुलने खास मागवून घेतलेलं हे सर्वांत बारीक विणीचं होतं. यातून काही म्हणजे काही निसटत नाही, असं तो नव्या मुलांना सांगायचा.

बाईंनी कापड बोटांत धरून पाहिलं. मग कड्यावरून हात फिरवला. एका जागी दोन रिकामी भोकं होती, स्क्रूची.

“इथलं चक्र कुठं गेलं?”

जाळ्याच्या तोंडाशी एक छोटं चक्र बसवतात. पाणी आत शिरलं की ते फिरतं आणि किती पाणी जाळ्यातून गेलं हे आकड्यात दाखवतं.

“पहिल्याच वर्षी गंजून अडकलं,” मुकुल म्हणाला. “काढून टाकलं. गरजही नाही खरं तर. तोंड किती रुंद ते माहीत आहे, होडीचा वेग माहीत आहे, वेळ माहीत आहे. गुणाकार केला की पाणी किती ते कळतंच.”

“कळतंच?”

“गणितच आहे, बाई.”

“हं…”

या “हं”ला मुकुल पाच वर्षं ओळखत होता.

“धर जाळं,” बाई म्हणाल्या. “तोंड भरतीकडे. होडी चालते आणि पाणी उभं असतं. इथं पाणी चालतंय, तू उभा राहा. सारखंच झालं ना?”

“सारखंच.”

तो पाय रोवून उभा राहिला. कडं दोन्ही हातांनी धरलं. भरतीने जाळं मागे फुगलं, छान लांब झालं आणि बाटली पाण्यात डोलायला लागली. बाई बाजूला उभ्या राहून क्षितिजाकडे पाहत होत्या, जणू त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही. दूर शिडाचा एक पडाव चालला होता. दोन मिनिटं झाली. तीन. चार.

“ओढ वाढली,” मुकुल म्हणाला. “भरतीने जोर धरला.”

“माझ्या पायांना तर तेवढीच लागतेय,” बाई म्हणाल्या.

मुकुलने पाय आणखी घट्ट रोवले. त्याच्या दंडांना चांगलाच ताण येत होता. होडीवर दोरी खांबाला बांधलेली असायची. तीन वर्षांत ही ओढ त्याच्या हाताला कधी लागलीच नव्हती.

सहा मिनिटं.

“एक हात सोड,” बाई म्हणाल्या. “मी धरते. कड्याच्या आत घाल हात. तोंडाच्या मधोमध.”

त्याने हात घातला.

“काय लागतंय?”

“काही नाही.”

“नीट बघ.”

“काही नाही लागत, बाई. पाणी… उभंय.”

“आता कड्याच्या बाहेर.”

त्याने हात बाहेर, कड्याच्या बाजूला धरला. पाणी बोटांमधून सळसळत निघून गेलं, हात मागे ढकलत.

त्याने पुन्हा आत घातला. उभं. तळ्यात घालावा तसा.

पुन्हा बाहेर. धावतं.

पुन्हा आत…

भरती आपली येत होती. मुकुलच्या पायांखालची वाळू खरोखरच सरकत होती, ते एरवीही भरतीत होतंच, पण आज त्याला ते जास्त जाणवलं.

त्याने जाळं वर उचललं. ते पांढरं उरलं नव्हतं. आतल्या बाजूने हिरव्या-तपकिरी चिकट बुळबुळीचा थर बसला होता, डायटमच्या साखळ्यांचा, कापडाचं भोक न् भोक बुजवून. पाणी झिरपायलाच तयार नव्हतं. जाळ्यात घागरभर पाणी तसंच लोंबत राहिलं. बाटलीत मात्र तळाशी थोडा गाळ आणि दोनचार ठिपके.

“मगे,” बाई हळूच आपल्या घरच्या मालवणीत म्हणाल्या, “पाणी खंय गेला?”

पाणी कुठे गेलं, ते मुकुलला आता कळत होतं. त्याला एकदम मागचे तिन्ही ऑक्टोबर दिसले. होडीत ताठ बसलेला आपण, हातात घड्याळ, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. मागे दोरीला बांधलेलं हे बुजलेलं जाळं. आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी मजेत निघून चाललेला समुद्र.

“समुद्र जितका भरलेला,” तो अखेर म्हणाला, “तितकी माझी बाटली रिकामी.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण मान काही डोलावली नाही.

“आणि उन्हाळ्यातलं?” त्याने घाबरत विचारलं. “तेही गेलं?”

“उन्हाळ्यात पाणी निळं होतं म्हणालास ना?”

“निळंशार.”

“जाळं पांढरं राहायचं?”

त्याने आठवून पाहिलं. “हो. धुवावंसुद्धा लागायचं नाही.”

“मग ते आहे तुझं,” बाई म्हणाल्या.

मुकुलने एवढा मोठा श्वास सोडला की बाईंना हसू आलं. त्याला रडू येईल असं वाटत होतं, लाजही वाटत होती, जोडीने ठेवलेल्या बुटांचीसुद्धा. पण या सगळ्याच्या खाली भलतंच काहीतरी उमलत होतं आणि ते त्याला आवरेना. समुद्र उपाशी नव्हता. तीन वर्षं तो ज्याला रिकामा म्हणत आला, तो काठोकाठ भरलेला होता, आत्ता त्याच्या पोटऱ्यांना घासून जात होता. लातूरहून येऊन पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा जेवढा मोठा वाटला होता, तेवढाच पुन्हा मोठा झाला होता. मुकुल हसायला लागला. आधी थोडासा, मग चांगला मोकळा.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. ‘भरल्या हंगामातला उपवास’… नाव चांगलं होतं हो.”

“फारच चांगलं होतं,” बाई म्हणाल्या आणि त्याही हसल्या.

त्याने जाळं उलटं करून भरतीत खळबळलं. हिरवी बुळबुळ सुटून पाण्यात मिसळली, ढगासारखी पसरली आणि वाहून गेली. पुन्हा उलटून पाहिलं, पुन्हा धुतलं. बाई एक कड धरून उभ्या होत्या. दोघांच्या हातात ते ओलं कापड पांढरं होत गेलं.

“तुम्हाला केव्हा कळलं, बाई?”

“तू तक्ता धरलास तेव्हा शंका आली. तारली चिरली तेव्हा खात्री झाली.”

“मग तिथंच का नाही सांगितलंत? पडवीत?”

“सांगितलं असतं तर तू मला तीन संदर्भ दिले असतेस.”

“चार,” मुकुल म्हणाला.

“आणि मी मासे साफ करत होते.”

ते काठावर आले. मुकुलने पाय पुसून बूट हातात घेतले, घातले मात्र नाहीत. घराकडून वाटण भाजल्याचा वास येत होता, कुणा शेजारणीच्या चुलीवरचा. त्याला सणसणीत भूक लागली. एवढं सगळं होऊन भूक लागते, याचं त्याला आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

चार पावलं गेल्यावर मात्र गुरुवार पुन्हा आठवला. तो थांबला.

“बाई.”

“हं?”

“दिवाळीपर्यंत निस्तरेन मी. नवं चक्र बसवेन, जाड विणीचं जाळंही सोबत घेईन, हाच ऑक्टोबर पुन्हा धरता येईल. पण गुरुवार… गुरुवारी सगळे समोर बसलेले असतील. नाव छापलंय, विषय छापलाय, वीस मिनिटं दिलीत. आणि माझ्याकडे सांगायला काहीच उरलं नाही.”

बाई पुढे चालत राहिल्या. दाराशी येऊन त्यांनी पेल्यातलं पाणी अंगणात नाही ओतलं. वळून परत खाडीपर्यंत गेल्या, वाकून पेला पाण्यात रिकामा केला, आतले ते अकरा ठिपके भरतीत सोडून दिले आणि सावकाश परत आल्या. मुकुल अजून तिथेच उभा होता, बूट हातात घेऊन.

“उभा राहा आणि सांग, ‘समुद्र माझ्या जाळ्याला वळसा घालून गेला.’” बाई म्हणाल्या. “मग खाली बस.”